ड्रायव्हरचं झाकण

सोहार, ओमान
३ नोव्हेंबर २०२४

भाई,

मी पळालो नव्हतो. पाच वर्षं झाली, तुम्ही अजून देवळाच्या पायरीवर बसून "माझो झील भरतीतून पळालो" म्हणून सांगता, ते आता बंद करा. पळणारा पुढे जातो. मी थांबलो होतो. ओरोसच्या मैदानात सोळाशे मीटरला चार फेऱ्या होत्या, मी तिसऱ्या फेरीत थांबलो, पोटात कळ आली म्हणून. सगळ्या वाडीला हे माहीत आहे, फक्त बापाला माहीत नाही.

फोन तुम्ही कट करता म्हणून पत्र लिहितोय. पत्र तुम्ही फाडाल, पण आधी वाचाल. भज्यांचा कागदसुद्धा तुम्ही उलगडून वाचल्याशिवाय टाकत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय. माझं अक्षर तसंच आहे, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. दहावी तीन वेळा देऊन सुटलो, ती पण तुमच्या मिलिटरी भरतीसाठीच. नाहीतर मी आठवीतच बाहेर पडलो असतो.

आता कामाचं. मी टँक बनवतोय.

हसू नका. प्लास्टिकचा. इथल्या मोठ्या दुकानात खेळण्यांच्या कोपऱ्यात खोका दिसला. कोपरा चेपलेला म्हणून अर्ध्या किमतीत. वर चित्र, चिखलात रुतलेला हिरवा रशियन टँक, आणि त्याच्यावर टी आणि पंचावन्न. बाकीची अक्षरं रशियन, काही काही उलटी, पण पंचावन्नचा आकडा तर सगळीकडे सारखाच. मी तिथेच उभा राहिलो. तुमचाच टँक. माझ्या ढकलगाडीत कांद्याची दोन पोती होती, मागचा माणूस ओरडायला लागला तरी मला हलायचं सुचेना. (पोती कुणाची ते महत्त्वाचं नाही, कॅम्पच्या कामाने गेलो होतो.)

तुमच्या लेकीने, भक्तीने, फोनवर सांगितलं की येत्या सव्वीस जानेवारीला शाळेत तुमचा सत्कार आहे. गावातला टँक चालवलेला एकुलता एक माणूस म्हणून. हरिश्चंद्र गुरुजी म्हणे काचेच्या कपाटात टँकचं चित्र लावणार आहेत. चित्र कशाला? मी खराखुरा बनवून देतो, पस्तीस पट लहान. कपाटात ठेवा, पोरांना दाखवा. आणि तो हातात घेतला की एकदा माझा फोन उचला. एवढंच माझं म्हणणं आहे. दोन वर्षांत तुमचा आवाज ऐकलेला नाही, भक्तीच्या फोनमध्ये मागून खोकता तेवढाच.

गॅरेजचं काम बरं आहे. गाड्यांना रंग मारतो. रंगाची मला चिंता नाही, फक्त तुमच्या टँकवर नंबर कुठला होता ते सांगा. पडवीतल्या फोटोत दिसतो अर्धा. भक्तीला फोटो पाठवायला सांगतो.

देवेश

*

२४ नोव्हेंबर

भाई,

तुमचं उत्तर नाही. ते येणार नव्हतंच, तरी मी दहा दिवस पोस्टाची वाट बघितली, हे माझंच चुकलं.

टँक म्हणजे काय प्रकरण असतं ते मला माहीत नव्हतं. खोक्यात टँक नाही. खोक्यात प्लास्टिकच्या फांद्या आहेत, आणि फांद्यांना आंब्याच्या बाठीएवढ्यापासून तिळाएवढे तुकडे लटकलेले. प्रत्येकाला नंबर. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. चाकावरच्या साखळीचा एकेक दुवा वेगळा, एका बाजूला नव्वद. नव्वद! मी एका बाजूचे नव्वद जोडले आणि बघतो तर साखळी उलटी. तुम्ही असता तर कानाखाली वाजवली असती.

खोलीत माझ्याबरोबर समर्थ असतो, दोडामार्गचा. तो गॅरेजात डेंटिंग करतो. तो मला बघून म्हणतो, "पंचवीस वर्सांचो घोडो झालंस आणि खेळणी जोडतंस? लगीन कर मेल्या, मगे पोरांका जोडून दी." पण आता रोज जेवून झालं की तोच येऊन बसतो. तिळाएवढा तुकडा खाली पडला की दोघे पालथे पडून मोबाईलच्या उजेडात शोधतो. परवा तो तुकडा त्याच्या मिशीत सापडला.

चाकं पाच. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट आहे, बाकीची जवळ जवळ. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून काढून परत लावली. मग खोक्यावरचं चित्र बघितलं तर तिथे पण फट. हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता खरा घोळ. तुम्ही दर सव्वीस जानेवारीला काय सांगता? मला पाठ आहे. "मधोमध माझी शीट. डोक्यार तोफ, डोळे रस्त्यार. तोफ उडली की कानात मुंग्यांचा वारूळ." पहिलीत होतो तेव्हापासून मी हे ऐकतोय. घरातल्या खाटेखाली मधोमध बसून मी टँक चालवायचो, आये ओरडायची.

तर भाई, यात ड्रायव्हरचं झाकण मधोमध नाही. डावीकडे आहे. ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो आणि तोफ त्याच्या उजवीकडून जाते. मी कागद उलटा धरून बघितला. समर्थने मोबाईलवर रशियन टँकांचे व्हिडिओ लावले, सगळ्या पंचावन्नमध्ये डावीकडेच. एका व्हिडिओत दुसरा टँक होता, बहात्तर नंबरचा, नंतरचा, त्याच्यात ड्रायव्हर मधोमध. पण तुम्ही तर बहात्तर कधी म्हणालाच नाहीत. पंचावन्नच म्हणत आलात. मग आपल्या मिलिटरीने झाकण बदलून घेतलं होतं का? की पंचावन्न आणि बहात्तर तुमच्या डोक्यात एक झालेत? की मीच लहानपणी चुकीचं ऐकलं? मला काही कळत नाही. झाकण चिकटवायचं मी थांबवलंय. तुम्हीच लिहा: डावीकडे की मधे? एका शब्दात लिहिलंत तरी चालेल.

हात धुऊन लिहितोय तरी कागदाला तेल लागलं. गॅरेजचं तेल.

देवेश

*

१० डिसेंबर

भाई,

हे पत्र मी टाकीन की नाही माहीत नाही. बहुतेक नाही टाकणार.

आज भक्तीचा फोन आला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "काय लिवलंस रे मेल्या तू? भाई दोन दिस कोणाशी बोलाक नाय. जेवण पण भायर खळ्यात घेतल्यानी. आणि काल शाळेत जावन गुरुजींका सांगल्यानी, माका जमाचा नाय, दुसऱ्या कोणाक बोलवा."

मी म्हटलं, मी फक्त झाकण कुठल्या बाजूला ते विचारलं.

"झाकण कसला?"

"टँकचा."

"शिरा पडो तुझ्या टँकार," म्हणाली, आणि मग रडायला लागली. भक्ती रडली की मला कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग तिने फोटोचं सांगितलं. मी तिला पडवीतल्या फोटोचा फोटो काढून पाठव म्हटलं होतं. काचेवर उजेड पडत होता म्हणून तिने फ्रेमच्या मागचा पुठ्ठा काढला. आणि फोटो अर्धाच नव्हता, भाई. खालचा भाग मागे घडी घातलेला होता. इतकी वर्षं आम्ही छातीपर्यंतचे भाई बघत आलो, टँकच्या पत्र्यावर हात ठेवलेले, मान ताठ. भक्तीने घडी उलगडली आणि पूर्ण फोटो मला पाठवला.

मी तो उघडून किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही. खाली तुमच्या कमरेला पांढरं फडकं बांधलेलं आहे. दुसऱ्या हातात लांब दांड्याचा झारा. पायाशी तीन मोठी डेगं, एकातून वाफ येतेय. आणि फोटोच्या पाठीवर तुमच्याच अक्षरात: "लंगर, बबिना, १९९४."

लंगर म्हणजे मिलिटरीचं जेवणघर, हे मला समर्थने सांगितलं. त्याला मी फोटो दाखवला नाही, शब्द विचारला नुसता.

म्हणजे तुम्ही स्वयंपाकी होता? की त्या दिवशी फक्त तिथे उभे होता, आणि टँक तुमचाच होता? ड्रायव्हर कधी डेगावर उभा राहतो का? एकेका वेळी मला वाटतं राहत असेल. मग झाकण आठवतं.

आता मला सगळं उलटं आठवायला लागलंय. तुमच्या उजव्या हाताच्या कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, ते तुम्ही इंजिनचे म्हणून सांगायचा. भरतीच्या वेळी तो कारकून म्हणाला, मार्क कमी आहेत, पोराला ट्रेडसमनचा फॉर्म भरा, कुक नाहीतर धोबी, लगेच लागेल. तुम्ही त्याच्या टेबलावर हात आपटलात. "माझो झील कढई घासूक जावचो नाय!" सगळी लाईन बघत होती. मला वाटलं, काय बाप आहे माझा. आणि सप्त्याच्या महाप्रसादाला आचारी बाबली पिऊन आडवा झाला तेव्हा? चारशे माणसांची डाळ चुलीवर, कुणाला काय सुचेना, आणि तुम्ही उठलात. बाह्या वर केल्यात. मीठ हाताने टाकलंत, मोजलं नाहीत. चव घेतली नाहीत. फक्त डेगावर तळहात धरलात, वाफ घेतलीत, हाताचा वास घेतलात आणि म्हणालात, "झाली. वाडा." लोक बघत राहिले. कुणीतरी विचारलं, भाई ह्या खंय शिकलात? तर तुम्ही हात धुऊन, "रेजिमेंटात सगळ्यांका सगळा येवक लागता," म्हणून निघूनच गेलात. जेवायला पण थांबला नाहीत. मी तेरा-चौदा वर्षांचा होतो.

आये मात्र मी घर सोडलं त्या दिवशी काय म्हणाली ते आठवतं? तुम्ही माझी बॅग बाहेर खळ्यात फेकलीत, आणि ती तुमच्याकडे बघून म्हणाली, "रेजिमेंटभर माणसांच्या तोंडाची चव तुमका कळली, घरातल्या एका झिलाची कळाक नाय." मला वाटलं ती अशीच काहीतरी बोलतेय. तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

भक्ती म्हणाली, तिने फोटो परत घडी घालून होता तसा लावला. आयेने बघितलं. नुसती काच पुसून दिली.

मला राग यायला पाहिजे ना? ज्या टँकसाठी तुम्ही मला धावायला लावलंत, पहाटे चारला उठवून चिपीच्या खडकाळ सड्यावर, पायात बूट नसताना, त्या टँकात तुम्ही बसलाच नव्हता. राग येतोय. पण मध्येच कुठेतरी जातो पण. मग मी परत तो फोटो उघडतो, राग आणायला, आणि तुमच्या हातातला तो झारा बघून मला भलतंच काहीतरी वाटतं, ज्याला काय म्हणतात ते माहीत नाही.

कोणी विचारलं होतं का तुम्हाला खोटं सांगायला? की एकदा कोणीतरी विचारलं, टँक बघलास काय रे, तुम्ही हो म्हणालात, आणि मग ते वाढत गेलं?

हे टाकत नाही.

*

२९ डिसेंबर

भाई,

हे पण टाकणार नाही असं वाटतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झाकण मी मधे आणलं.

ऐका कसं. डावीकडच्या भोकात मागून प्लास्टिकचा तुकडा लावला, वर पुट्टी भरली, सुकू दिली, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासली. आधी जाडा, मग बारीक. बोट फिरवलं तर कळत नाही तिथे काही होतं. गाडीला कुणी ठोकलं तर डेंट कसा घालवायचा ते मला येतं, ते एक तरी नीट येतं. मग मधोमध, तोफेच्या बरोबर खाली, ब्लेड गरम करून नवीन भोक पाडलं. झाकण बसवलं. हिरवा रंग मारला. समर्थने तोंडात बोट घातलं. म्हणाला, "पण ह्या चुकीचा आसा मां?" मी म्हटलं, माझ्या बापाचा असाच होता.

मला बरं वाटलं. तीन दिवस मला बरं वाटत होतं. तुम्ही म्हणता तसा टँक. आता कुठल्या पोराने पण विचारायचं नाही.

काल परत भक्तीचा फोन. गुरुजी तुमच्याकडे तीनदा येऊन गेले म्हणे, ऐकायला तयार नाहीत, पत्रिकेत नाव छापून मोकळे झाले. आणि पाहुणे कोण? बांद्याचे गुरुदास म्हणून रिसालदार आहेत, गेल्या वर्षी रिटायर झाले, तीस वर्षं टँकात काढली. "दोघे टँकवाले एकाच स्टेजार," गुरुजींना हौस.

खरा टँकवाला येणार. झाकण मधे असलेला पंचावन्न त्याने बघितला की पहिल्या मिनिटात म्हणणार, हे कोणी बनवलं, हे चूक आहे. आणि झाकण डावीकडे ठेवलं तर पोरं म्हणणार, भाई तर मधे म्हणायचे. डावीकडे केलं तरी तुम्ही खोटे, मधे केलं तरी तुम्ही खोटे. मी टँक पाठवायचाच नाही असं ठरवलं, तर भक्ती म्हणाली गुरुजींनी सगळ्या शाळेत सांगितलंय, देवेशान परदेशातून टँक धाडल्यान म्हणून.

मी झाकण काढून मधलं भोक पण बुजवलं. पुट्टी, पेपर, रंग. आता टँकला कुठेच भोक नाही. ड्रायव्हर आत जायला वाट नाही. समर्थ म्हणाला, "उत्तम. आता ह्यो टँक खंयच जावचो नाय." मी हसलो, आणि मग मला हसू थांबवता येईना, तो घाबरला.

भाई, आता मी एक सांगतो, ते डेंटसारखं मी पण सहा महिने बुजवून ठेवलंय. गॅरेज जूनमध्ये बंद झालं. मालक निघून गेला. समर्थला दुसरीकडे डेंटिंगचं काम मिळालं, मला नाही मिळालं. मी लेबर कॅम्पच्या मेसमध्ये आहे. एकशेचाळीस माणसांचं जेवण. आधी कांदा कापायला होतो, ऑक्टोबरात मोठा आचारी गावाला गेला तो परत आला नाही, तेव्हापासून डाळ-भात माझ्याकडे. कमरेला पांढरं फडकं मी पण बांधतो. पत्रांना तेल लागायचं ते गॅरेजचं नव्हतं. कांद्याची पोती माझीच होती.

मी तुम्हाला का नाही सांगितलं? "कढई घासूक जावचो नाय." त्या एका वाक्यासाठी. तुम्ही ज्या गोष्टीला लाजलात तीच मी लपवत बसलो, आणि मला माहीत पण नव्हतं की ती तुमची आहे. कोण कुणाला फसवत होतं, भाई?

*

१२ जानेवारी २०२५

भाई,

समर्थ परवा सुट्टीवर गावी येतोय. गोव्यात उतरून दोडामार्गला जाईल आणि तिसऱ्या दिवशी स्वतः आपल्या घरी येईल, तसं कबूल केलंय. त्याला माशाची कढी खायला घाला, लाजतो पण चार वेळा घेतो. त्याच्याकडे एक खोका आहे आणि हे पत्र. न टाकलेली दोन पण घातलीत, तारखा बघून क्रमाने वाचा. मी परत वाचली नाहीत. वाचली असती तर फाडली असती.

खोका हळू उघडा. तोफ नाजूक आहे. डाव्या साखळीचा एक दुवा हरवला, ती फट मागच्या बाजूला आहे, भिंतीकडे ठेवलात तर दिसणार नाही. नंबर मी फोटोतलाच घातलाय, जेवढा दिसतो तेवढा.

टँकच्या पुढच्या भागात झाकण नाही. ते चुकून राहिलेलं नाही. झाकण कागदाच्या पुडीत वेगळं ठेवलंय, त्याच्याबरोबर गोंदाची छोटी बाटली. डावीकडे लावा, मधे लावा, नाहीतर पुडी तशीच ठेवा. फोटोचं मी कोणाला बोललो नाही, समर्थला पण कळलेलं नाही. भक्तीला फोटोपुरतं माहीत आहे आणि आयेला सगळं. पुडीत आणखी एक बारीक तुकडा सापडेल. ते खोक्यातलं नाही. प्लास्टिकची फांदी तापवून ओढली आणि टोक चपटं केलं, झारा झाला. पस्तीस पट लहान. टँकच्या बाजूला टेकवून ठेवता येतो, कसं दिसतं ते मी बघितलं. चांगलं दिसतं. पण नको असेल तर टाकून द्या, माझा राग नाही.

सव्वीसला जा नाहीतर नको, ते तुमचं. पण एक सांगतो. तो रिसालदार बबिनात जेवला असेल तर कोणाच्या हातचं जेवला असेल? टँक डिझेलवर चालतो, पण आतले चार जण कशावर चालत होते? हे मी भाषण म्हणून सांगत नाही. मला खरंच माहीत नाही आणि मला माहीत करून घ्यायचं आहे. चाळीस डिग्रीत डेगापाशी उभं राहिल्यावर तुम्ही काय विचार करायचा? मी तर घरचा विचार करतो.

आणि ओरोसचं. पोटात कळ आली नव्हती. तिसऱ्या फेरीत मी कुंपणाकडे बघितलं. बाकीचे बाप उभे राहून ओरडत होते. तुम्ही बाहेरून माझ्याबरोबर धावत होता. पन्नाशीचा माणूस, चपला हातात, तोंड उघडं, डोळे माझ्या पायांवर. मला एकदम कळेना की भरतीला कोण आलंय, मी की तुम्ही. पाय थांबले. मी त्यांना थांबवलं नाही, ते थांबले. हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही कारण ते मलाच कळलं नव्हतं, आणि आता कळलंय असं पण म्हणवत नाही. पळालो तर नक्की नाही.

भक्ती म्हणाली, परवा तुम्ही तिला विचारलंत, "तेचो टँक झालो काय?" नाव नाही घेतलंत. पण 'तेचो' म्हणजे माझाच ना. झाला म्हणून सांगतो तुम्हाला.

आता माझं काम अडलंय ते ऐका. एकशेचाळीस माणसांची तूरडाळ, अकरा किलो. मीठ माझं रोज चुकतं. एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. मंगळवारी एकाने ताट भिंतीवर मारलं. ठेकेदाराने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर परत कांद्यावर, नाहीतर घरी. मी तुमच्यासारखा डेगावर तळहात धरून बघितला. हात भाजला, वास फक्त भाजल्याचा आला. वाफेत काय शोधायचं असतं ते मला माहीत नाही. मीठ आधी घालायचं की डाळ फुटल्यावर? मुठीने किती? माझी मूठ तुमच्यापेक्षा मोठी आहे, ते धरून सांगा. भक्तीकडून निरोप नको. लिहून पाठवा किंवा फोन करा. दुपारी तीनला इथे भांडी घासून होतात, तिकडे साडेचार वाजलेले असतात, तेव्हा मी मोकळा असतो.

पैसे. जूनपासून मी दर महिन्याला पंधरा हजार पाठवत होतो, ते रंगवाल्याच्या पगाराचे वाटावेत म्हणून समर्थकडून उसने घेऊन वर घालून पाठवायचो. आता ते बंद, त्याचं फेडायचं आहे. या महिन्यापासून डाळ-भातवाल्याचे येतील. कमी दिसले तर आयेला कारण तुम्ही सांगा, तुम्हाला नीट सांगता येईल. भक्तीच्या खात्यात आज टाकले: आठ हजार सहाशे रुपये.

देवेश